घसरण पचली, अडकून पडणं पचलं नाही : हाम्बुर्गच्या पाठीराख्यांची सात वर्षं

क्लब वरच्या लीगमधून खाली घसरला की पाठीराख्यांचं काय होतं, हे सांगताना बहुतेक जण एका दिवसाचंच वर्णन करतात. शेवटची शिट्टी, तोंडावर ओढलेले स्कार्फ, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडणारं पोर. कॅमेऱ्याला तेवढंच दिसतं. हाम्बुर्गच्या एचएसव्ही या क्लबचं प्रकरण मी अभ्यासायला घेतलं, कारण तिथे तो दिवस जर्मन फुटबॉलच्या इतिहासातला एक मोठा दिवस होता आणि तरीही पाठीराख्यांची खरी परीक्षा त्या दिवशी झाली नाही. ती पुढे सात वर्षं चालली. खाली जाणं त्यांनी आश्चर्य वाटावं इतक्या लवकर पचवलं. वर येता येता दरवेळी हात सुटणं मात्र त्यांना पचेना. ‘घसरणीशी जुळवून घेणं’ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर मला या दोन गोष्टींमधल्या अंतरात सापडतं.

कधीच न घसरलेला क्लब

जर्मनीची पहिली राष्ट्रीय लीग, म्हणजे बुंडेसलीगा, २४ ऑगस्ट १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या मोसमात १६ क्लब होते आणि बायर्न म्युनिक त्यांत नव्हता. एचएसव्ही होता. पहिल्या दिवशी त्याने म्युन्स्टरमध्ये प्रॉयसन म्युन्स्टरशी १-१ अशी बरोबरी केली. पुढच्या दशकांत संस्थापक क्लब एकेक करून खाली गेले. फ्रांकफुर्ट आणि कायझर्सलाउटर्न १९९६ मध्ये घसरले, क्योल्न १९९८ मध्ये. राहिला तो एकटा एचएसव्ही. लोक त्याला ‘डायनो’ म्हणू लागले, क्लबने डायनोसॉरचा शुभंकर केला आणि त्याला हेर्मान हे आपल्या लाडक्या मालिशवाल्याचं नाव दिलं.

क्लबचा खरा वैभवाचा काळ ऐंशीच्या आसपासचा. १९७९, १९८२ आणि १९८३ अशी तीन लीग विजेतेपदं. केव्हिन कीगनला १९७८ आणि १९७९ असे लागोपाठ दोनदा युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान मिळाला तो इथे खेळताना. १९८३ मध्ये अथेन्सला फेलिक्स मागाथच्या गोलवर युव्हेंटसला १-० हरवून एचएसव्हीने युरोपियन कप जिंकला. या मागाथचं नाव लक्षात ठेवा.

वैभव ओसरलं तसा अभिमान हळूहळू दुसऱ्या गोष्टीवर जाऊन बसला. चषक येईनासे झाले तेव्हा ‘आम्ही कधीच खाली गेलो नाही’ हाच चषक झाला. फोक्सपार्क स्टेडियमच्या एका कोपऱ्यात मोठं डिजिटल घड्याळ लावलं गेलं. लीग सुरू झाल्याच्या क्षणापासूनचा काळ ते मोजायचं: वर्षं, दिवस, तास, मिनिटं, सेकंद. जिंकण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. ते फक्त टिकून राहण्याचा हिशेब ठेवत होतं.

पाठीराख्यांसाठी हा फार धोक्याचा अभिमान होता असं मला वाटतं. चषक जिंकलेला क्लब पुढे हरला तरी चषक कपाटात राहतो. अखंडतेचा विक्रम मोडला की तो पूर्णच संपतो. आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती आयतं हत्यार मिळतं, कारण घड्याळ बंद पडायची वाट सगळा देश बघत असतो.

घसरणीची रंगीत तालीम

पुढचं समजायला नियम माहीत असलेला बरा. आता बुंडेसलीगात १८ संघ असतात. शेवटचे दोन थेट खाली जातात आणि दुसऱ्या बुंडेसलीगातले पहिले दोन थेट वर येतात. सोळावा संघ दुसऱ्या बुंडेसलीगातल्या तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळतो आणि जिंकणारा वर राहतो.

२०१४ मध्ये एचएसव्ही सोळावा आला. ग्रॉयथर फ्युर्थशी ०-० आणि १-१ झालं, आणि केवळ परक्या मैदानावरच्या एका गोलामुळे तो वाचला (एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा तेव्हा जिंकायचा). २०१५ मध्ये पुन्हा सोळावा. कार्लस्रूहमध्ये दुसरा सामना संपत आला तेव्हा क्लब खाली गेल्यातच जमा होता. मग भरपाईच्या वेळेत मार्सेलो डियासची फ्री-किक जाळ्यात गेली आणि जादा वेळेत निकोलाय म्युलरने गोल केला. २०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ८८ व्या मिनिटाला लुका वाल्डश्मिटने वोल्फ्सबुर्गविरुद्ध डोक्याने गोल मारला आणि क्लब पुन्हा निसटला.

प्रत्येक सुटकेनंतर जल्लोष झाला, पण तो सुटकेचा होता, आनंदाचा नव्हता. घरातलं कुणी वर्षानुवर्षं अतिदक्षता विभागात जाऊन-येऊन असावं तसं हे चाललं होतं. दरवेळी परत आणलं जातं, दरवेळी घरच्यांची शक्ती थोडी कमी होते, आणि एका टप्प्यावर मनातल्या मनात निरोप देऊन झालेला असतो. या तीन वेळांनी पाठीराख्यांना घसरणीची कल्पना करायला शिकवलं. २०१८ चा घसरणीचा दिवस त्यांनी मनात बऱ्याचदा जगून घेतला होता.

या काळात एक फूटही पडली. मे २०१४ मध्ये सभासदांच्या सभेने सुमारे ८७ टक्के मतांनी व्यावसायिक फुटबॉल विभाग मूळ संस्थेतून काढून स्वतंत्र कंपनीकडे देण्याचा निर्णय घेतला. पैसा येईल, कारभार सुधारेल, असा हिशेब होता. ज्यांना हे पटलं नाही त्यांच्यातल्या काहींनी ‘एचएफसी फाल्के’ नावाचा स्वतःचा क्लब काढला. १९१९ मध्ये ज्या तीन क्लबांच्या विलीनीकरणातून आजचा एचएसव्ही झाला, त्यांतल्या दोघांची नावं त्यांनी जोडून घेतली आणि २०१५ पासून थेट तळाच्या लीगमध्ये खेळायला सुरुवात केली. घसरण होण्याआधीच गेलेले हे लोक या प्रकरणात महत्त्वाचे आहेत. त्यांच्या लेखी क्लब हरवला होता तो त्या सभागृहात. मैदानावरचा निकाल नंतर आला.

१२ मे २०१८

२०१७-१८ च्या मोसमात तीन प्रशिक्षक झाले. मार्कुस गिस्डोल जानेवारीत गेला, बेर्न्ड होलरबाखला एकही सामना जिंकता आला नाही. मार्चमध्ये सराव मैदानावर कुणीतरी क्रॉस रोवून गेलं आणि ‘तुमची वेळ संपली, तुम्हा सगळ्यांना गाठू’ अशा अर्थाचा फलक लावला. ही धमकी होती आणि तिचं समर्थन होऊ शकत नाही. त्याच महिन्यात म्युनिकमध्ये ०-६ असा पराभव झाला आणि क्लबच्या युवा विभागातून ख्रिस्तियान टिट्झला वर आणलं. १८ गुणांवर संघ त्याच्या हाती आला, उरलेल्या आठ सामन्यांत त्याने आणखी १३ गुण मिळवून दिले. खेळही बघण्यासारखा झाला. लोकांना पुन्हा आशा वाटू लागली, आणि ती फार उशिरा आलेली आशा होती.

शेवटच्या दिवशी गणित साधं होतं. एचएसव्हीने ग्लाडबाखला हरवायचं आणि तिकडे वोल्फ्सबुर्गने क्योल्नकडून हरायचं. क्योल्न आधीच खाली गेलेला होता. एचएसव्हीने आपलं काम केलं. आरोन हुंटची पेनल्टी, मग ग्लाडबाखची बरोबरी, मग लुइस होल्टबीचा गोल, २-१. तिकडे वोल्फ्सबुर्गने चार गोल मारले. मोबाइल बघणाऱ्यांना सामना संपायच्या बऱ्याच आधी सगळं कळलेलं होतं. घड्याळ ५४ वर्षं २६१ दिवस दाखवत होतं.

भरपाईच्या वेळेत उत्तरेकडच्या स्टँडमधून तोंडं झाकलेल्या एका टोळक्याने मैदानावर फटाके आणि धुराच्या नळ्या फेकायला सुरुवात केली. गोलपोस्टच्या मागे काळा धूर पसरला. पंचांनी खेळ थांबवला, घोड्यावरचे पोलीस आणि पोलिसी कुत्री मैदानावर आली, आणि सुमारे पंधरा मिनिटं सामना तसाच लटकला.

त्या पंधरा मिनिटांत जे घडलं ते या प्रकरणातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. उरलेल्या स्टेडियमने त्या टोळक्याला शिट्ट्या मारल्या आणि एकसुरात म्हटलं: ‘आम्ही हाम्बुर्गकर, तुम्ही नाही!’ खेळाडूंसाठी मात्र टाळ्या वाजल्या.

नीट बघा. क्लबच्या आयुष्यातली सर्वांत अपमानाची घटका, आणि हजारो लोक त्या घटकेला निकालावर बोलतच नाहीयेत. आपण कोण, हे ठरवताहेत. ‘कधीही न घसरलेले’ ही ओळख काही मिनिटांत जाणार होती. ती जाण्याआधीच त्यांनी दुसरी हाती घेतली: या शहराचे, असं वागणारे आणि असं न वागणारे. कुणी बैठक घेऊन हे ठरवलं नाही. म्हणूनच मी त्याला घसरण पचवण्याची सुरुवात मानतो, आणि खरं तर अर्ध्याहून अधिक काम तिथेच झालं.

मोजायचं काय?

३ ऑगस्ट २०१८ रोजी दुसऱ्या बुंडेसलीगातला पहिला सामना होता. समोर शेजारचा होल्स्टाइन कील. ५७ हजारांचं स्टेडियम भरलं आणि एचएसव्ही ०-३ हरला. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर रेगेन्सबुर्गकडून ०-५. तरी लोक येत राहिले. पुढच्या काळात, साथीची वर्षं वगळता, दुसऱ्या लीगमध्ये असूनही प्रेक्षकांची सरासरी ५० हजारांच्या पुढे गेली. सभासदसंख्या एक लाखाच्या वर गेली तीही याच काळात, खालच्या लीगमध्ये असताना.

सामाजिक मानसशास्त्राचा एक जुना निष्कर्ष याच्या उलट जातो. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी अधिक मुलं विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून यायची. जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’, हरल्यावर ‘ते हरले’. पुढच्या संशोधकांनी याची दुसरी बाजूही मांडली: अपयशी गटापासून माणूस स्वतःला तोडून घेतो. हे खरंच आहे, पण ज्यांचं नातं वरवरचं आहे त्यांच्याबाबत जास्त खरं आहे. ज्याच्या ओळखीतच क्लब मुरलेला आहे त्याला तोडून घ्यायला जागाच नसते. फोक्सपार्कच्या समोर, आल्टोनाच्या स्मशानभूमीलगत, २००८ पासून खास एचएसव्हीच्या चाहत्यांसाठी दफनभूमी आहे. तिच्या ओळी स्टँडच्या पायऱ्यांसारख्या रचल्या आहेत. मेल्यावरही जागा स्टँडमध्ये हवी असणारा माणूस ‘ते हरले’ म्हणणार कसा?

अशा माणसाला एकच वाट उरते. नातं तोडता येत नसेल तर त्याचं माप बदलायचं. क्लबनेही ते करून पाहिलं, पण अर्धवट. घसरणीनंतर घड्याळ बंद न करता त्याची सुरुवातच मागे नेली: आता ते क्लबच्या स्थापनेपासूनचा, म्हणजे २९ सप्टेंबर १८८७ पासूनचा काळ मोजू लागलं. हेतू चांगला होता. पण लोकांच्या डोळ्यांसमोर अजून तेच घड्याळ होतं, तीच सवय होती आणि तीच थट्टा. २०१९ मध्ये ते उतरवलं आणि त्या जागी स्टेडियमचे अक्षांश-रेखांश लावले. हा निर्णय मला मनापासून पटतो. काळाचा विक्रम मोडू शकतो. जागा तिथेच असते, ती कुठल्याही लीगमध्ये असो. १२ मे रोजी स्टँडमधून जे ओरडलं गेलं, त्याच्याशी हे अक्षांश-रेखांश जुळतात. ‘आम्ही इथले.’

आणखी एक साधं कारण विसरू नये. खालच्या लीगमध्ये एचएसव्ही जिंकू लागला होता. वर्षानुवर्षं आपल्या मैदानावर मार खाणारा संघ बघितलेल्या पाठीराख्याला शनिवारी जिंकून घरी जाणं हे औषधासारखं लागतं. वरच्या लीगमधलं दुखणं खाली आल्यावर थोडं हलकं झालं, असं म्हटलं तर त्यात क्लबचा अपमान नाही.

दरवर्षी मे महिना

इथपर्यंतची गोष्ट समजूतदारपणाची आहे. शोकाचे टप्पे असतात, शेवटी स्वीकार येतो, ही लोकप्रिय मांडणी इथे छान बसल्यासारखी वाटते. पुढे ती मोडते.

पहिल्या तीन मोसमांत एचएसव्ही तिन्ही वेळा चौथा आला. तिसऱ्या क्रमांकाला निदान दोन सामन्यांची संधी असते, चौथ्याला काहीच नाही. २०१९-२० च्या शेवटच्या दिवशी तर बरोबरीही पुरली असती, कारण वरचा हायडेनहाइम तिकडे हरत होता. एचएसव्ही झांडहाउझेनकडून १-५ हरला. आणि हे रिकाम्या स्टेडियममध्ये झालं, कारण करोनाची साथ होती. याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण मला हे फार महत्त्वाचं वाटतं. २०१८ मध्ये लोकांना शिट्ट्या मारायला, टाळ्या वाजवायला, एकमेकांना धरून रडायला जागा होती. २०२० मध्ये ती नव्हती. प्रत्येकाने आपापल्या घरी पडद्यासमोर एकट्याने ते गिळलं. सामूहिक दुःख एकेकट्याने सोसायची वेळ आली की ते लवकर निवत नाही.

२०२२ मध्ये लागोपाठ पाच सामने जिंकून संघ तिसरा आला. समोर हेर्था बर्लिन आणि हेर्थाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून फेलिक्स मागाथ, तोच अथेन्सचा. बर्लिनमध्ये एचएसव्ही १-० जिंकला. २३ मे रोजी फोक्सपार्कमध्ये चौथ्याच मिनिटाला गोल खाल्ला, शेवटी ०-२. ज्याने क्लबला सर्वांत मोठा चषक मिळवून दिला त्याच माणसाने क्लबची वाट अडवली. दोन महिन्यांनी, २१ जुलैला, क्लबचे दिग्गज आघाडीपटू उवे झेलर गेले. १९६१ मध्ये इंटर मिलानचा भरमसाट पैसा नाकारून हाम्बुर्गमध्येच राहिलेले, शहराचे ‘उन्स उवे’, म्हणजे ‘आपला उवे’. १० ऑगस्टला स्टेडियममध्येच शोकसभा झाली. त्यांनी घसरण पाहिली, परतणं पाहिलं नाही. कितीतरी घरांत वडील-आजोबांच्या बाबतीत असंच झालं असणार.

मग २८ मे २०२३. शेवटच्या दिवशी झांडहाउझेनमध्ये एचएसव्ही १-० जिंकला. सामना संपला तेव्हा तिकडे रेगेन्सबुर्गमध्ये हायडेनहाइम १-२ मागे होता, म्हणजे एचएसव्ही दुसरा, म्हणजे वर गेला. हजारो पाठीराखे मैदानात उतरले. स्टेडियमच्या निवेदकाने माइकवरून अभिनंदनही करून टाकलं. पण रेगेन्सबुर्गमध्ये भरपाईची मोठी वेळ शिल्लक होती. ९० अधिक ३ ला पेनल्टीवर बरोबरी. ९० अधिक ९ ला टिम क्लाइनडीन्स्टचा गोल, ३-२. हायडेनहाइम थेट विजेता. झांडहाउझेनच्या गवतावर मिठ्या मारत उभ्या असलेल्या लोकांना हे एकमेकांच्या मोबाइलवरून कळत गेलं. त्यानंतर स्टुटगार्टशी दोन सामने झाले, ०-३ आणि १-३. ते न झाल्यातच जमा होते.

१२ मे २०१८ आणि २८ मे २०२३ शेजारी ठेवून पाहिल्यावर मला असं वाटतं: पहिल्या दिवशी गेलं ते आधीच झिजलेलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलं ते काही मिनिटांपूर्वीच हातात आलेलं होतं. घसरणीत दोष देता येतो, व्यवस्थापनाला, खेळाडूंना, वर्षानुवर्षांच्या उधळपट्टीला. त्या राग काढण्यातही एक आधार असतो. ६६ गुण मिळवूनही वर न गेलेल्या संघात दोष कुणाला द्यायचा? आशा दरवर्षी ऑगस्टमध्ये नव्याने उगवायची आणि मे महिन्यात कापली जायची. स्वीकार ही एकदा चढून जायची पायरी असती तर लोक ती २०१८ मध्येच चढले होते. त्यांना दर उन्हाळ्यात खाली उतरवलं गेलं.

शेजारच्या घराची गोष्ट यात मिसळली की चटका आणखी वाढतो. सांक्ट पाउली हा त्याच शहरातला दुसरा क्लब, स्वभावाने आणि राजकारणाने अगदी वेगळा. घसरणीमुळे शहराची डर्बी, म्हणजे या दोन शेजाऱ्यांची लढत, पुन्हा लीगमध्ये आली, हा सुरुवातीला चांगला भागही होता. मार्च २०१९ मध्ये एचएसव्हीने त्यांच्याच मैदानात ४-० असा धडाका लावला. पण २०२४ मध्ये सांक्ट पाउली दुसऱ्या लीगचा विजेता होऊन वर गेला आणि एचएसव्ही खाली राहिला. आयुष्यभर ज्याच्याकडे वरून पाहिलं तो आता वर होता. ३ मे २०२४ च्या डर्बीत रॉबर्ट ग्लाट्सेलच्या गोलवर एचएसव्हीने त्यांना १-० हरवलं. त्यांचा वर जाण्याचा उत्सव थोडा लांबला, एवढंच त्यातून मिळालं. आणि स्टेडियम असं पेटलं होतं की जणू काही मोठं जिंकलं आहे. यावर हसणाऱ्यांना मी सांगेन की हे क्षुद्रपणाचं लक्षण नाही. मोठं काही हातात नसताना माणूस त्या दिवशी जिंकता येईल ते जिंकतो, आणि सात वर्षं काढायची तर असे दिवस लागतातच.

१० मे २०२५ आणि त्यानंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षकपद मेर्लिन पोल्झिनकडे आलं. हाम्बुर्गमध्ये जन्मलेला, लहानपणापासून याच क्लबचा चाहता, तोवर सहायक प्रशिक्षक. १० मे २०२५ रोजी फोक्सपार्कमध्ये उल्मविरुद्ध सुरुवातीलाच गोल खाल्ला आणि मग सहा मारले. ६-१. एक सामना बाकी असतानाच एचएसव्ही वर गेला. मोसमाच्या शेवटी त्याचे ५९ गुण होते. २०२२ मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ६६ गुणांना जे मिळालं नव्हतं ते ५९ ला मिळालं. पाठीराख्यांच्या सोशिकतेची परतफेड लीग करत नसते, हे त्या आकड्यांत उघडं दिसतं.

शिट्टी वाजताच मैदान माणसांनी भरलं. त्या रेटारेटीत अनेक जण जखमी झाले, काही गंभीर. आनंदाच्या वर्णनात हे बहुधा गाळलं जातं, मला ते गाळावंसं वाटत नाही. सात वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट एका संध्याकाळी सुटली तर ती कुणाच्या तरी अंगावर येते, आणि ज्यांनी मे महिन्यांचा हा इतिहास पाहिला होता त्यांनी गर्दीची तयारी त्या हिशेबाने करायला हवी होती.

पहिल्या लीगमधला पहिला सामना आला २४ ऑगस्ट २०२५ ला, लीगच्या जन्मतारखेलाच, आणि तोही ग्लाडबाखशी, ज्यांच्याविरुद्ध २०१८ चा शेवटचा सामना झाला होता. ०-० सुटला. २९ ऑगस्टला घरच्या मैदानावर सांक्ट पाउलीकडून ०-२ हार. आता क्लबचं ध्येय होतं ते वर टिकण्याचं. फाल्केवाल्यांचा क्लब मात्र वेगळा तो वेगळाच राहिला, कारण त्यांचा प्रश्न लीगचा कधी नव्हताच.

या प्रकरणावरून सगळ्यांनाच धीर द्यायला मी तयार नाही. हाम्बुर्ग हे जर्मनीतलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, क्लाउस-मिखाएल क्यूनेसारखा अब्जाधीश क्लबच्या पाठीशी, ५७ हजारांचं स्टेडियम. तिथे माप बदलायला सवड मिळाली, कारण मोजायला क्लब शिल्लक राहील याची बरीचशी खात्री होती. त्याच १० मेला समोर उभा असलेला उल्म बघा. हा क्लब १९९९-२००० मध्ये बुंडेसलीगात होता. लगेच घसरला, पुढच्या वर्षी पुन्हा घसरला, मग आर्थिक कारणांनी परवानाच गेला आणि तो हौशी लीगमध्ये जाऊन पडला. तिथून २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन बढत्या घेत तो दुसऱ्या लीगपर्यंत आला होता, आणि त्याच मोसमात पुन्हा तिसऱ्या लीगमध्ये गेला. फोक्सपार्कमध्ये त्या दिवशी पाहुण्यांच्या कोपऱ्यात उल्मचे जे लोक बसले होते, त्यांच्या हिशेबात आशा-निराशेच्या आधी वेगळे प्रश्न येतात: पुढच्या मोसमाचा परवाना मिळेल का, पगार होतील का, युवा संघ चालू राहतील का. एचएसव्हीच्या सात वर्षांत त्यांना शिकण्यासारखं फार थोडं आहे. त्यांचं प्रकरण त्यांच्याच वहीतून, वेगळं लिहावं लागेल.